दोष कोणाचा? : कै. इरावतीबाई कर्वे यांचे स्मरण



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी सांगितले आणि माझ्या मनात लगेच कै. डॉ. इरावतीबाई कर्वे यांचे नाव आले. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्यावर आपल्याकडे पूर्वी लेख झाले आहेत. इरावतीबाईंवर अद्याप झालेला नाही. मी त्यांना प्रत्यक्ष कधी पाहिले नाही. १९७० साली मी लग्न होऊन आरे-वारे येथे आले आणि त्याच वर्षी ११ ऑगस्टला त्या पुण्यास वारल्या. तरीही माझ्या आयुष्यातील एका फार कठीण काळात त्यांनी मला हात दिला, असे मी मानते. तो कसा, हे सांगायचे तर त्यांच्या चरित्राबरोबर थोडे माझ्या घरातलेही सांगावे लागेल. त्याबद्दल क्षमा असावी.

माझे लग्न माझ्या आत्याच्या मुलाशी झाले. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे, तशी आमच्याकडेही होती. आत्याच सासू, त्यामुळे सासर मला परके वाटले नाही. १९७२ साली मुलगी झाली आणि १९७४ साली मुलगा. सहा महिन्यांपर्यंत तो चांगला बाळसेदार होता. पुढे तो पांढराफटक पडू लागला, त्याचे पोट वाढू लागले, दूध नकोसे झाले. झाडपाला झाला, देवाला गाऱ्हाणे घातले, कौल लावला. कोणी म्हणाले बाहेरची बाधा आहे, कोणी म्हणाले सुनेचाच पाय पांढरा. मला सर्वांत लागले ते आत्याचे बोलणे. आमच्या घराण्यात असे कधी नव्हते, हे हिच्या आईच्या माहेराकडून आले, असे ती चारचौघींत बोलू लागली. माझी आई हे ऐकून होती. तिने आमच्याकडे येणे सोडले.

शेवटी यजमानांनी हिय्या केला आणि आम्ही मुलाला घेऊन एस.टी.ने मुंबईस गेलो. तेथे डॉक्टरांनी थॅलेसेमिया असे नाव सांगितले. मुलाला वरचेवर रक्त द्यावे लागे, म्हणून मी दिरांच्या बिऱ्हाडी महिनेच्या महिने राहत असे. शेजारच्या बाईंनी वेळ जावा म्हणून मला एक पुस्तक वाचावयास दिले. ते होते इरावतीबाईंचे 'परिपूर्ती'. पहिल्यांदा मी ते करमणूक म्हणून वाचले. नंतर त्यांचे मिळेल ते पुस्तक मी मागून आणू लागले.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात मिंज्यान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे नोकरीस होते. तिकडच्या इरावती या मोठ्या नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्यास हुजूरपागेत पाठविण्यात आले. तेथे त्यांची मैत्री शकुंतला परांजपे यांच्याशी झाली आणि त्या मैत्रीतून रँग्लर परांजपे यांच्या घरात त्यांना मुलीसारखी जागा मिळाली. हे रँग्लर मूळचे आपल्याच जिल्ह्यातील मुर्डीचे. त्या घरात पुस्तके होती, वादविवाद होते आणि मोठ्यांनी सांगितले म्हणून एखादी गोष्ट खरी मानावयाची नाही, असा शिरस्ता होता. मुलीच्या मनाची घडण अशा घरात झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१९२६ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या आणि मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकून १९२८ साली एम.ए. झाल्या. मधल्या काळात त्यांचा विवाह रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला. म्हणजे त्या मुरूडच्या महर्षी कर्व्यांच्या सून झाल्या. स्त्रीशिक्षणासाठी ज्यांनी आपले सर्व आयुष्य वेचले, त्या सासऱ्यांना सुनेने एवढ्यात परदेशी शिकावयास जावे हे पसंत नव्हते. दिनकररावांनी मात्र पत्नीची बाजू घेतली आणि १९२८ सालीच त्या जर्मनीस गेल्या. मोठ्या माणसांतही दोन मते असतात आणि तरी घर मोडत नाही, हे या प्रसंगावरून दिसते.

बर्लिनमध्ये नुकतीच, १९२७ साली, एक मोठी संस्था निघाली होती. मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि वंशसुधार हे तिचे विषय. तिचे प्रमुख प्राध्यापक ऑयगेन फिशर हेच इरावतीबाईंचे गुरू झाले. फिशर यांची समजूत अशी की, गोऱ्या लोकांची तर्कबुद्धी इतरांपेक्षा श्रेष्ठ असते आणि तिची खूण कवटीच्या हाडांत दिसते. युरोपियनाच्या कवटीची उजवी व डावी बाजू सारखी नसते, इतरांची तशी नसते. हे मापून सिद्ध करण्याचे काम त्यांनी या हिंदी विद्यार्थिनीवर सोपविले.

इरावतीबाईंनी शंभरावर कवट्या मापल्या. त्यांत युरोपातील माणसांच्या होत्या, तशाच आफ्रिकेतून आणलेल्याही होत्या. मापे जुळवून पाहता त्यांना दिसले की, उजव्या-डाव्या बाजूंतील कमीजास्तपणा सर्वच माणसांत असतो. त्याचा वंशाशी काही संबंध नाही. परक्या देशात, पंचविशीच्या आत, पदवी ज्यांच्या हाती त्या गुरूंच्याच मताविरुद्ध हे लिहावयाचे होते. त्यांनी ते लिहिले. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली, श्रेणी मात्र खालची मिळाली. ही सारी हकीकत २०२४ साली त्यांच्या नातीने एका सहलेखकासह लिहिलेल्या इंग्रजी चरित्रात सविस्तर आली आहे. माझ्या मुलीने ती मला वाचून दाखविली, तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवावयास सांगितले आणि थोडा वेळ ओटीवर जाऊन बसले.

कारण त्या बर्लिनमध्ये पुढे काय झाले, हे आपणांस ठाऊक आहे. १९३३ साली हिटलरचे राज्य आले. त्याच वर्षी कायदा झाला की, ज्यांचा रोग वंशपरंपरेचा ठरेल त्यांना सक्तीने वंध्य करावे. त्या यादीत जन्मांध होते, बहिरे होते, फेफरे येणारे होते, मनाने आजारी असलेले होते, इतकेच काय दारूचे व्यसनीही होते. काही रोग खरोखर आनुवंशिक, काही अंशतः तसे, काही मुळीच नव्हेत. सर्वांना एकाच दोरीने बांधले. सुमारे चार लाख माणसांवर ही शस्त्रक्रिया झाली आणि त्या संस्थेतील विद्वानांनी या कामाला आपले ज्ञान दिले. कारण नीट न शोधता दोषाचा शिक्का मारला की केवढा अनर्थ होतो, याचे याहून भयंकर उदाहरण मला माहीत नाही. इरावतीबाई त्याआधीच स्वदेशी परतल्या होत्या.

पुण्यास आल्यावर काही वर्षे त्यांनी महिला विद्यापीठात रजिस्ट्रारचे काम केले आणि १९३९ साली डेक्कन कॉलेजच्या संशोधन संस्थेत त्या समाजशास्त्र शिकवू लागल्या. पुढील तीस वर्षे त्या तेथेच रमल्या. गावोगाव, डोंगरांतून, पाड्यांतून फिरून त्यांनी माणसांची उंची, डोके, नाक यांची मापे घेतली. महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापांवरचे पुस्तक त्यांनी वि. म. दांडेकर यांच्यासह १९५१ साली प्रसिद्ध केले. १९५३ साली त्यांचा भारतातील नातेसंबंधांवरचा मोठा ग्रंथ आला. कोणत्या प्रांतात कोणाला काय हाक मारतात, कोणाशी लग्न चालते, कोणाशी चालत नाही, हे सर्व त्यात आहे. उत्तरेकडे मामाची मुलगी म्हणजे बहीणच, तिच्याशी लग्न नाही. दक्षिणेकडे असे लग्न मानाचे. आणि आपला महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये. येथे पुष्कळ जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची मुलगी मात्र चालत नाही. आपल्या घरची ही चाल एका ग्रंथाचा विषय होऊ शकते आणि तिच्याकडे न लाजता, न रागावता पाहता येते, हे मला त्यांच्यामुळे समजले.

आयुष्याच्या अखेरीस आपले विद्यार्थी कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींची शरीरमापे व रक्तगट तपासले. एकाच पायरीच्या म्हटलेल्या या जाती शरीराने एकसारख्या नाहीत, असे त्यांना आढळले. पिढ्यान् पिढ्या ज्या त्या गटाने आपल्यातच लग्ने केली की रक्तातील गुणही त्या त्या गटात साठत जातात. डॉक्टरांना याचा पुढे फार उपयोग झाला.

हे सर्व करताना त्यांनी संसार केला, तीन मुले वाढविली, पुण्याच्या रस्त्यांवरून स्कूटर चालविली, वारकऱ्यांबरोबर पंढरीची वाट चालल्या. मराठीत 'परिपूर्ती', 'भोवरा', 'युगान्त' अशी पुस्तके लिहिली. 'युगान्त'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात त्यांनी कुंती, गांधारी, द्रौपदी यांना देव्हाऱ्यातून खाली आणून माणसे म्हणून पाहिले. कोणाचा दोष किती, हे निवाडा देण्याची घाई न करता तपासले. कवटी मापताना जी वृत्ती, तीच महाभारत वाचताना.

आता मी मुंबईच्या इस्पितळात परत येते. एके दिवशी डॉक्टरांनी माझे व यजमानांचेही रक्त तपासले आणि आम्हांला समोर बसवून समजावून सांगितले. ते त्या दिवशी थोडे समजले. बाकीचे मी पुढे वाचून, मुलीला विचारून समजून घेतले. ते आपणां सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून घरगुती भाषेत मांडते.

आपले शरीर कसे घडावे हे एका पोथीत लिहिलेले असते, असे समजा. या पोथीचे ४६ अध्याय. २३ आईकडून, २३ वडिलांकडून. अध्याय म्हणजे रंगसूत्र आणि त्यातील एकेक ओवी म्हणजे जनुक. उतरवून घेताना चुका होतात. कोणत्या तऱ्हेची चूक झाली, यावरून डॉक्टर आनुवंशिक व्याधींचे वर्ग पाडतात.

पहिल्या वर्गात अख्खा अध्यायच जास्त किंवा कमी असतो. डाऊन सिंड्रोम झालेल्या मुलांत २१ व्या क्रमांकाचा अध्याय दोनऐवजी तीन वेळा येतो, हे १९५९ साली फ्रान्समध्ये लझन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. आईचे वय वाढते तसा याचा संभव वाढतो, पण तरुण आईलाही असे मूल होऊ शकते. बहुतेक वेळा ही चूक त्या एका खेपेपुरती असते. घराण्याशी तिचा संबंध नसतो.

दुसऱ्या वर्गात एकाच ओवीत चूक असते. याचे पुन्हा प्रकार आहेत. काही चुका अशा की दोन प्रतींपैकी एकीत असली तरी रोग होतो. मग आईबापांपैकी ज्याला तो रोग आहे, त्याच्या प्रत्येक मुलाला तो होण्याचा संभव निम्मा असतो. काही चुका अशा की एक प्रत बरोबर असली की भागते. तो माणूस धडधाकट असतो, फक्त चूक पुढे वाहून नेतो. आईबाप दोघेही असे वाहक असतील, तर प्रत्येक खेपेस चारांत एक संभव असा की मुलाला दोन्ही चुकीच्याच प्रती मिळतील. थॅलेसेमिया असाच. विदर्भात व नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल हाही असाच. एक मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन चांगलीच होणार, असे नव्हे; दर खेपेस डाव नवा. तिसरा प्रकार आईकडून मुलग्यांत उतरणाऱ्या हिमोफिलियाचा. त्यात रक्त गोठत नाही. आई स्वतः बहुधा ठीक असते, पण तिच्या प्रत्येक मुलग्याला तो होण्याचा संभव निम्मा असतो.

तिसऱ्या वर्गात अनेक ओव्यांतील बारीकसारीक फरक आणि त्यांना राहणीची जोड. मधुमेह, रक्तदाब, दुभंगलेला ओठ हे यात येतात. येथे आपल्या हातात पुष्कळ असते. काही जन्मजात व्यंगे टाळण्यासाठी दिवस राहण्याआधीपासून फॉलिक आम्लाच्या गोळ्या देतात, हे आपण सुनालेकींना आवर्जून सांगावे.

चौथा वर्ग थोड्या रोगांचा. मुख्य पोथीखेरीज प्रत्येक पेशीत एक चिमुकली चोपडी असते, ती केवळ आईकडून येते. तिच्यातील चूक आईकडून मुलगे व मुली दोघांत जाऊ शकते. मुलगा मात्र ती पुढे देत नाही.

याखेरीज दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जन्मतः असलेले सर्वच आनुवंशिक नसते. गर्भारपणी आईला जर्मन गोवर झाला तरी मूल बहिरे होऊ शकते. आणि आनुवंशिक असलेले सर्वच रोग नसतात. १९५२ साली मुंबईत डॉ. य. म. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निराळा रक्तगट शोधला. त्याला जगभर बॉम्बे रक्तगट म्हणतात. तोही दोन्ही प्रती तशा मिळाल्या तरच येतो, नात्यातील लग्नांतून तो अधिक दिसतो. त्या माणसाला काही आजार नसतो. फक्त रक्त चढविण्याची वेळ आली तर त्याला त्याच गटाचे रक्त लागते.

डॉक्टरांनी आम्हांला सांगितले की, तुम्ही दोघेही वाहक आहात आणि तुमची आजी-आजोबा एकच असल्याने ती चूक बहुधा त्याच घरातून दोन वाटांनी आली आहे. एक वाट माझ्या वडिलांची, दुसरी आत्याची. म्हणजे आत्या ज्या माहेराला दोष देत होती, त्या माझ्या आईच्या माहेराचा यात काही संबंध नव्हता. आणि आत्याचा तरी काय दोष? तिला कोठे ठाऊक होते की ती काय वाहून नेत आहे? तिला दुखवावयाचे शस्त्र त्या दिवशी माझ्या हाती आले होते. मी ते वापरले नाही, असे अभिमानाने सांगवत नाही. कित्येक रात्री ते वापरावेसे वाटत होते.

मुलगा १९७९ साली गेला. त्याला पाच वर्षे पुरी झाली होती.

दिवसकार्य झाल्यावर एका संध्याकाळी यजमानांनी आईला ओटीवर बसवून सर्व समजावून सांगितले. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र नेसून तयार झाली आणि एकटीच माझ्या माहेरी गेली. माझ्या आईजवळ ती दिवसभर बसली. काय बोलणे झाले ते दोघींनीही मला कधी सांगितले नाही. पुढच्या गणपतीला आई आमच्याकडे आली.

माझी मुलगी वाहक निघाली, जावई नाहीत. नातवंडे चांगली आहेत. दोन वर्षांपूर्वी माझ्या नणंदेच्या मुलाला माझ्या भावाची मुलगी सांगून आली, दूरची का होईना पण नात्यातलीच. घरातील काहींनी मी काही बोलू नये म्हणून प्रयत्न केला. मी एवढेच म्हटले की, आधी दोघांचे रक्त तपासा, मग मुहूर्त पाहा. साधा हिमोग्राम आणि त्यासोबत ए-टू हिमोग्लोबिनची तपासणी, एवढ्यावर हे कळते. मुलगा वाहक निघाला, मुलगी नाही. लग्न झाले. त्यांच्या मुलांपैकी कोणी वाहक होईल, पण माझ्या मुलासारखे आजारी होण्याची भीती राहिली नाही. दोघेही वाहक निघाली असती तर काय ते त्यांनी डोळे उघडे ठेवून ठरविले असते.

नात्यातील लग्ने सर्व वाईटच, असा या लेखाचा अर्थ कोणी करू नये. कोणत्याही जोडप्याला जन्मजात व्याधीचे मूल होण्याचा संभव शेकडा दोन-तीन असतो; सख्ख्या आते-मामे भावंडांत तो साधारण दुप्पट होतो. म्हणजे बहुतेकांची मुले चांगलीच असतात. परंतु ज्या घरात एखादे मूल असे गेले आहे, त्या घराने तपासणीशिवाय पुढे जाऊ नये.

माझी मंडळाला विनंती आहे की, पुढील हळदीकुंकवाच्या वेळी एखाद्या डॉक्टरीणबाईंना बोलावून लग्नाच्या मुलामुलींच्या रक्ततपासणीविषयी माहिती द्यावी. आणि आपल्या वाडीत एखाद्या सुनेचे मूल आजारी झाले, तर तिच्या पायाकडे बोट दाखविण्याआधी आपण थांबावे. इरावतीबाईंनी बर्लिनमध्ये आपल्या गुरूंच्या मतापेक्षा हातातील मापावर विश्वास ठेवला. आपल्याला कवट्या मापावयाच्या नाहीत. दोषाचे मूळ शोधल्याशिवाय दोष देऊ नये, एवढे त्यांच्याकडून घेतले तरी पुरे आहे.